येळ्ळूर, वऱ्हाड, ॲडव्होकेट : सुलेखनी फॉन्ट निवडताना

बेळगावात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करण्याचे, काम करणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "अक्षर जरा फॅन्सी घाला की हो." या मागणीबरोबर बहुधा मोबाइलवरचे एक चित्र पुढे केले जाते. त्यात एखाद्या केकच्या दुकानाचे किंवा लग्नातल्या वधूवरांचे नाव वळणदार, एकमेकांत गुंतलेल्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते आणि तेच मराठीत हुबेहूब व्हावे अशी अपेक्षा असते. मला ही मागणी अजिबात हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. सगळीकडे एकाच साच्यातली छापील अक्षरे पाहून कंटाळलेल्या माणसाला आपल्या दुकानाच्या नावामागे कोणाचा तरी हात दिसावा असे वाटते, आणि खडेबाजारातल्या, शहापुरातल्या जुन्या पाट्या पेंटरच्या हातच्या होत्या हे ज्याला आठवते त्याला तर ते अधिकच वाटते. मात्र हाताने लिहिल्यासारखा दिसणारा सजावटी फॉन्ट नमुनापानावर पाहून पसंत करू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या शब्दासाठी तो घ्यायचा तोच शब्द त्यात लिहून पाहावा, जी लिपी त्याच्या शेजारी उभी राहणार आहे ती बाजूला ठेवून पाहावा आणि ज्या यंत्रातून तो बाहेर पडणार आहे त्याचा विचार करून मगच घ्यावा.

त्या इंग्रजी चित्रात मोहक काय असते, हे आधी पाहायला हवे. रोमन लिपीतली छापील अक्षरे सुटी असतात आणि हाताने भरभर लिहिताना ती तळाच्या अंगाने एकमेकांना जोडली जातात. ही जोडणी छपाईत आणणे हे तिकडच्या अक्षररचनाकारांसमोरचे जुने कोडे होते. रॉजर एक्सकोफों या फ्रेंच रचनाकाराने स्वतःच्या हस्ताक्षरावरून केलेला आणि १९५३ मध्ये आलेला 'मिस्त्राल' शिशाच्या सुट्या खिळ्यांतूनही सलग लिहिल्यासारखा उमटे, तर हेरमान झाफ यांच्या १९९८ मधल्या 'झाफिनो'त एकाच अक्षराची अनेक रूपे पुरवून जवळच्या अक्षरांना साजेल ते रूप घेण्याची सोय संगणकाच्या मदतीने करण्यात आली. देवनागरीत मात्र अक्षरे शिरोरेखेने वरून आधीच बांधलेली असतात. त्यांना तळाकडूनही शेपट्या जोडल्या की शब्द दोन्हीकडून आवळला जातो आणि उकार, ऋकार, रकार यांना हक्काची जागाच उरत नाही. 'अस्संच मराठीत' करण्याच्या हौसेने केलेले कित्येक फॉन्ट याच कारणाने वाचताना गुदमरल्यासारखे वाटतात. देवनागरीत हाताचा भास व्हायचा तो रेषेच्या जाड-बारीकपणातून, कान्याच्या झोकातून, वेलांटीच्या कमानीतून आणि शिरोरेखा किती ताठ ओढली आहे किंवा किती सैल सोडली आहे यातून.

जाड-बारीकपणाचीही एक खोच आहे. देवनागरीसाठी बोरूचे टोक तिरके कापतात ते रोमन लिहिणाऱ्याच्या टाकाच्या उलट बाजूला, आणि त्यामुळे रोमन अक्षरात जी रेषा जाड पडते ती आपल्याकडे बारीक पडते. ज्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांचा जाड-बारीकपणा जसाच्या तसा देवनागरीवर चढवलेला असतो, तिथे प्रत्येक अक्षर सुटे पाहिले तर बरोबर असते, पण पूर्ण शब्द परक्या हाताने लिहिल्यासारखा दिसतो. सर्वसामान्य वाचकाला कारण सांगता येणार नाही, परंतु काहीतरी खटकते आहे एवढे त्याच्या डोळ्याला नक्की कळते.

मराठीला खरोखरीची धावती लिपी होतीच, ती म्हणजे मोडी. शिरोरेखा आधीच ओढून घेऊन तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जाण्याची ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांतूनही मोडी कागदांची गाठोडी निघतात. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्थान मिळाले आणि आता तिचे फॉन्ट फुकट मिळतात. शिवजयंतीच्या आधी टी-शर्टांवर आणि चित्ररथांच्या फलकांवर मोडी मजकूर टाकण्याची मागणी वाढते. शोभेसाठी एखादी ओळ टाकायला माझी हरकत नसते. मात्र ती मोडी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय छापायला सोडू नये. कोणाला वाचता येत नाही म्हणून काहीही चालते, हा विचार मला त्या लिपीचा अपमान वाटतो.

आता ज्यावर माझा सर्वाधिक वेळ जातो त्या गोष्टीकडे येतो. नमुनापानावर 'नमस्ते', 'भारत', 'प्रेम', 'संगीत' असे शब्द असतात, म्हणजे त्या फॉन्टला जे शब्द उत्तम शोभतात तेच. आमच्याकडची नावे तशी गुळगुळीत नसतात. येळ्ळूर, मण्णूर, हुक्केरी, कित्तूर, सौंदत्ती, यल्लम्मा, चन्नम्मा, मल्लाप्पा अशी नावे घ्या. कन्नडच्या शेजारामुळे आमच्या गावांच्या आणि माणसांच्या नावांत तेच व्यंजन दुहेरी येण्याचे प्रमाण मोठे आहे. क्क, ण्ण, त्त, न्न, प्प, म्म, ल्ल, ळ्ळ ही जोडाक्षरे इथल्या पाटीवर पावलोपावली लागतात. यांतल्या ज्या अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे त्यांचे काम सोपे असते. दंड काढून टाकला की अर्धा म, अर्धा ण, अर्धा न तयार होतो आणि पुढचे अक्षर त्याला चिकटते. क्क मध्ये दंड मधोमध असल्याने पहिल्या क चा उजवा गोल छाटावा लागतो आणि त्त चे तर पूर्ण वेगळे रूप आहे. पण ळ ला दंडच नाही. त्यामुळे ळ्ळ लिहायचे तर एका ळ च्या खाली दुसरा बसवून स्वतंत्र अक्षर काढावे लागते किंवा पहिल्या ळ चा पाय मोडून हलन्त चिन्ह दाखवावे लागते. सजावटी फॉन्ट करणाऱ्याने ळ्ळ ची गरजच गृहीत धरलेली नसते, म्हणून हलन्त येतो. ळ च्या फुलवलेल्या शेपटीवर तो आपटतो, आणि पुढे येळ्ळूरचा दीर्घ ऊकारही तिथेच लोंबत असल्याने शिरोरेखेखाली अक्षरशः खेचाखेची होते. कोणताही नवा सुलेखनी फॉन्ट हाती आला की मी पहिला शब्द 'येळ्ळूर' लिहितो. त्यात जो टिकला त्याच्याकडे पुढे पाहायचे.

नुसता ळ सुद्धा परीक्षाच असतो. प्रमाण हिंदीत हे अक्षर जवळपास लागत नाही आणि बाजारातले पुष्कळ सजावटी फॉन्ट हिंदी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. परिणाम असा होतो की ब, ग, व डौलात झुकलेले असतात आणि बेळगावच्या मधोमध ळ मात्र शाळेच्या कित्त्यातल्यासारखा ताठ बसलेला असतो. त्यानंतरची पाळी ऱ्ह आणि ऱ्य यांची. वऱ्हाड, गिऱ्हाईक, पायऱ्या, सुऱ्या या शब्दांतला डोळ्याच्या पापणीसारखा र मराठीला हवाच असतो. तो नसलेल्या फॉन्टमध्ये कधी र खाली टिंब आणि हलन्त दिसतो, तर कधी कामाची घाई असलेला ऑपरेटर सरळ रफार देऊन मोकळा होतो, आणि मग सुऱ्या विकणाऱ्याच्या पाटीवर 'सुर्या' उगवतो. तिसरे अक्षर ॲ. युनिकोडमध्ये ते २००८ पासून आहे, तरी अनेक सजावटी फॉन्टांत नाही. वकिलाच्या पाटीवर 'ॲडव्होकेट' लिहायचे असते, फॉन्टमध्ये ॲ नसतो, संगणक गुपचूप दुसऱ्याच फॉन्टमधून तो आणतो, आणि पहिले अक्षर सरकारी अर्जातले तर पुढची सगळी लग्नपत्रिकेतली अशी विचित्र पाटी तयार होते. ऑपरेटरचे लक्ष नावाकडे असल्याने ही गोष्ट पाटी भिंतीवर लागेपर्यंत अनेकदा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ल आणि श यांच्याबद्दलही सावध राहावे लागते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयीच्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे मराठीचे आकार म्हणून नक्की केले. चांगल्या फॉन्टांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपे भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी रूप येते. भाषा निवडायची असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते, त्यामुळे फॉन्टमध्ये असलेले रूपसुद्धा वापराविना पडून राहते. सीमाभागातल्या मराठी वाचकाला हिंदी वळणाचा ल पाटीवर दिसला तर तो काही बोलून दाखवणार नाही, पण पाटी बाहेरून करून आणल्यासारखी त्याला वाटते खरी.

आणि घ-ध, भ-म, थ-य, ख-रव या जोड्या. ध आणि भ हे घ आणि म यांपासून वेगळे ओळखू येतात ते शिरोरेखेतल्या एवढ्याशा फटीने आणि डोक्यावरच्या गाठीने. ब्रशच्या फटकाऱ्याचा आभास देणाऱ्या फॉन्टमध्ये शिरोरेखा खडबडीत असते, ती फट बुजते आणि घाटगे धाटगे होतात, भोसले मोसले होतात. खानापूरचा ख दोन तुकड्यांत सुटला तर 'रवानापूर' वाचले जाते. हे अक्षर मोठ्या आकारात पडद्यावर पाहून कळत नाही. प्रत्यक्षात जेवढे छापायचे तेवढ्याच आकाराचा कागदी प्रिंट काढून हातभर अंतरावरून पाहावा लागतो.

हस्ताक्षराचा आभास सर्वांत लवकर उघडा पडतो तो नात्यांच्या नावांत. मराठीत मामा, काका, नाना, बाबा, दादा, आणि पाठोपाठ दीदी, जीजी. खरा माणूस लिहील तर 'मामा'तले दोन मा कधीही सारखे येणार नाहीत. दुसऱ्याचा काना थोडा लांबेल, पहिल्याची गाठ थोडी घट्ट असेल. फॉन्टमध्ये मात्र दोन्ही मा तंतोतंत एक, आणि फॉन्ट जितका अधिक नखरेल तितका तो सारखेपणा अधिक डोळ्यांत भरतो. मोजक्याच फॉन्टांमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपे दिलेली असतात आणि ती आलटून पालटून वापरता येतात. देवनागरीत ही चैन विरळा. जिथे ती नाही तिथे मी मजकुराला कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे बाह्यरेषांच्या चित्रात रूपांतर करून, दुसऱ्या मा चा काना हाताने थोडा ओढतो, वेलांटीची कमान किंचित बदलतो. चार शब्दांसाठी हे करणे शक्य असते. लग्नपत्रिकेच्या अख्ख्या मजकुरासाठी ते शक्य नाही, आणि तिथेच या फॉन्टच्या वापराची मर्यादाही ठरून जाते.

लग्नपत्रिकेत माझ्या मते सुलेखनी अक्षराला दोनच जागा आहेत, वधूवरांची नावे आणि फार तर 'शुभविवाह'. वरची 'श्री रेणुकादेवी प्रसन्न' ही ओळ लहान आकारात असते, तिथे रकार आणि रफार बुजतात, म्हणून ती साध्या ठळक अक्षरात बरी. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ही संक्षिप्त रूपेही मी नावाच्या फॉन्टमध्ये घालत नाही. 'कां'वरचा अनुस्वार आणि 'सौ'च्या दोन मात्रा या शेजारच्या अक्षराच्या वेलांटीत हटकून अडकतात. मुहूर्ताची वेळ तर कधीच नाही. सजावटी अंकांत १ आणि ९ यांच्यात घोटाळा होतो, ३ आणि ६ आरशातल्यासारखे दिसतात, आणि '११ वाजून ३६ मिनिटांनी' या ओळीत घरातल्या वयस्कर माणसांनी चष्मा लावूनही अडखळावे हे कोणत्याच सौंदर्यदृष्टीत बसत नाही. स्थळ, गल्लीचे नाव, बसथांब्याची खूण, 'आहेर आणू नये' ही सूचना, सगळे साध्या अक्षरात. आमच्याकडच्या बऱ्याच पत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड असतात. तेव्हा मराठी बाजूवर नावांना जो झोक दिला असेल तसाच तोल कन्नड बाजूवरही साधावा लागतो, नाहीतर मुलीकडच्या पाहुण्यांना मिळालेली बाजू मागून चिकटवल्यासारखी दिसते.

एक गोष्ट अजून सांगतो, थोडी विषयाच्या कडेची. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा ज्या नाचऱ्या अक्षरात असतात त्याच अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'ही लिहिलेली मी पाहतो. फोटो बदलायचा आणि मजकूर बदलायचा, फॉन्ट तोच. अक्षरालाही सुतक असते असे मानणारा मी माणूस आहे. असे काम आले तर मी साधा, सरळ फॉन्ट घालतो, आणि अद्याप कोणत्याही गिऱ्हाइकाने त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

सुलेखनी अक्षर जिथे खुलून दिसते त्याचे उदाहरण म्हणजे मिठाईच्या डब्यावरचा 'कुंदा' हा शब्द. दोनच अक्षरे, एकही जोडाक्षर नाही. क चा उजवा गोल ब्रशने भरघोस काढता येतो, उकार त्याच्याखाली वळून द च्या पोटाकडे जाऊ शकतो, अनुस्वाराचा थेंब शिरोरेखेच्या वर एकटा मोकळा राहतो आणि शेवटचा काना खाली हवा तेवढा लांब सोडता येतो. गोल लेबलाच्या मध्यभागी हा शब्द असा बसवला की दुसऱ्या नक्षीची गरज उरत नाही. त्याच लेबलावर घटक पदार्थ, वजन आणि तयार केल्याची तारीख लहान अक्षरात असतात. ती मात्र 'मुक्त'सारख्या सरळ फॉन्टमध्ये. गोकाकच्या 'करदंट' या मिठाईला हीच युक्ती लागू पडत नाही, कारण क, र, द, ट ही सगळी अक्षरे शिरोरेखेखाली एका उंचीची असून द वरच्या अनुस्वाराखेरीज त्यांत वर-खाली काही नाही. तिथे झोक द्यायचा तर फक्त ट च्या गोलाईला देता येतो. शब्दाच्या अंगातच वळण असावे लागते, ते फॉन्टमधून उसने आणता येत नाही.

आता दुकानाची पाटी. कर्नाटकात २०२४ मध्ये झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीनुसार नामफलकावरचा ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो आणि कन्नड मजकूर वरच्या बाजूला असावा लागतो. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि बहुधा इंग्रजीही. म्हणजे इथल्या पाटीवर मराठीचे सुलेखनी अक्षर कधीच एकटे नसते. त्याच्या डोक्यावर त्याच नावाचे कन्नड रूप मोठ्या आकारात उभे असते, आणि दोहोंचा सूर जुळला नाही तर सगळी सजावट वाया जाते. कन्नडला सलग शिरोरेखा नाही. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर स्वतंत्र तलेकट्टू असतो आणि अक्षरांचे अंग गोलाकार असते. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन ओत्तक्षर होऊन खाली जाते. त्यामुळेच जे येळ्ळूर देवनागरीत डोकेदुखी होते ते कन्नडमध्ये सहज बसते, पण ओत्तक्षरांसाठी ओळीखाली मोकळी जागा लागते. आणि नेमकी त्याच जागेत खालच्या मराठी ओळीची फुलवलेली वेलांटी आणि मात्रा घुसते. पाटीची उंची ठरलेली असते, ओळींतले अंतर वाढवायला जागा नसते. अशा वेळी मराठीची वेलांटी छाटण्यापेक्षा मी वेगळा, आटोपशीर मात्रांचा फॉन्ट घेणे पसंत करतो.

दोन लिप्यांची जोडी लावताना मी अक्षरांच्या आकारापेक्षा रेषेच्या जातीकडे पाहतो. मराठी ब्रशचे असेल तर कन्नडही ब्रशचे हवे, आणि मराठी बोरूचे असेल तर कन्नडमध्ये निदान जाड-बारीक रेषा तरी हवी. कन्नडमध्ये वैष्णवी मूर्ती आणि हुआन लुईस ब्लांको यांचा 'अकाया कनडका' हा हौशी, खेळकर फॉन्ट उपलब्ध आहे. एक टाइप या मुंबईच्या संस्थेच्या 'बालू' कुटुंबात देवनागरीबरोबर कन्नडसाठी 'बालू तम्मा' आहे. तो हस्ताक्षरी नसला तरी गुबगुबीत, प्रसन्न आहे आणि दोन्ही लिप्या एका घरातल्या दिसतात. मुलांच्या वस्तूंच्या किंवा खाऊच्या दुकानाला मी अनेकदा हाच सुचवतो. उलट, देवनागरीतले इंडियन टाइप फाउंड्रीचे 'कलम' आणि 'तिल्लाना' हे अधिक घरगुती हाताचे आहेत. 'कलम' तर दोन-चार ओळींचा मजकूरही निभावून नेतो. कॅथरीन श्मिट यांचा 'यात्रा वन' मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला असल्याने पाटीला शोभतो. या तिघांना जोडीचे कन्नड शोधायला मात्र डोळे फोडावे लागतात. जुने पेंटर हा प्रश्न विचारातच घेत नसत, कारण मराठी आणि कन्नड दोन्ही ओळी एकाच ब्रशने, एकाच मनगटाने, एकाच डब्यातल्या रंगाने उतरत आणि त्यांची जोडी आपोआप जुळे.

पाटी ज्या यंत्रातून निघते त्याचेही काही हट्ट असतात. रेडियमच्या कटिंगला द्यायचे असेल तर सुलेखनी फॉन्टमधली एकमेकांवर चढलेली अक्षरे आधी वेल्ड करून एकसंध करावी लागतात. नाहीतर प्लॉटरचे पाते प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र कापत जाते आणि शिरोरेखेत प्रत्येक सांध्याला चिरा पडतात. अॅक्रिलिकची अक्षरे सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर, कापताना बारीक टोके तुटतात आणि एलईडी बसवायचा तर सर्वांत अरुंद रेषेतसुद्धा दिवा मावला पाहिजे. पत्रिकेच्या सोनेरी फॉइलमध्ये केसाएवढ्या रेषा कधी उमटतच नाहीत तर कधी भरून जातात. अक्षरांतले अंतर वाढवण्याचा मोह तर पूर्ण टाळावा. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभते, देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि एका शब्दाचे तुकडे पडतात. फॉन्टमध्ये ठळक रूप नसताना सॉफ्टवेअरच्या बटणाने तो जाड करणे, किंवा मुळात झुकलेल्या अक्षराला आणखी तिरके करणे, याचाही परिणाम असाच वाईट होतो. पाटी वाचण्यासाठी दहा फुटांमागे एक इंच उंची हा फलकवाल्यांचा जुना ठोकताळा मी मानतो, फक्त देवनागरीत ती उंची मात्रा आणि उकार सोडून शिरोरेखेपासून कान्याच्या टोकापर्यंत मोजतो, आणि सजावटी अक्षराला त्याहून थोडी जास्तच देतो.

श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातले सजावटी फॉन्ट अजून आमच्याकडे सर्रास वापरले जातात आणि त्यांत काही फार देखणे आहेत. छापायचे असेल तोवर ठीक. पण त्यांतला मजकूर युनिकोड नसल्याने फॉन्ट बदलला की अगम्य चिन्हे उरतात आणि दुकानाचे नाव इंटरनेटवर शोधता येत नाही. उलट युनिकोड फॉन्ट अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरताना भारतीय लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा 'कंपोझर' हा पर्याय चालू केला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. ओळखीचा ऑपरेटर व्हॉट्सॲपवर पाठवतो ती फाइल बहुतेक वेळा विकतच्या फॉन्टची चोरटी प्रत असते, आणि 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असा शेरा असलेला फॉन्ट दुकानाच्या पाटीला चालत नाही. मुक्त परवान्याखालचे फॉन्ट धंद्याच्या कामाला निर्धास्त वापरता येतात, फक्त तो फॉन्ट स्वतंत्रपणे विकता येत नाही.

राहिला प्रश्न बोधचिन्हाचा. एखाद्या दुकानाचे नाव पुढची कित्येक वर्षे बिलावर, पिशवीवर, गाडीवर आणि पाटीवर राहणार असेल तर मी फॉन्ट सुचवतच नाही, कारण उद्या तोच फॉन्ट समोरच्या दुकानानेही घेतला तर आपल्या पैशाचे काय झाले असे गिऱ्हाइकाने विचारणे रास्त आहे. एवढ्या एका शब्दासाठी सुलेखनकाराकडून अक्षर लिहून घ्यावे. दोन्ही लिप्या सफाईने लिहिणारी माणसे आमच्या शहरात आजही आहेत. कन्नड आणि मराठी दोन्ही नावे त्यांच्याकडून एकाच बैठकीत, एकाच ब्रशने, कागदावर हवी तितकी वेळा लिहून घ्यायची आणि त्यांतले सर्वांत चांगले उतरलेले निवडायचे. ते मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून ट्रेस करावे, म्हणजे संगणकात त्याच्या बाह्यरेषा काढून घ्याव्यात, ब्रशच्या कडांचा खरखरीतपणा पूर्ण घासून काढू नये, आणि कर्व्ह केलेली फाइल, एका रंगातली प्रत व सोबत वापरायच्या साध्या मराठी व कन्नड फॉन्टांची नावे असे सगळे मिळून गिऱ्हाइकाच्या हवाली करावे. लिहिणाऱ्याचे मानधन मी अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवतो, म्हणजे ते कापण्याची बोलणी सुरू झाली की कशाचे पैसे कापले जात आहेत हे दोन्ही बाजूंना दिसते.